आतली धार, बाहेरची धार

२ सप्टेंबर, सोमवार

या तळघरात मी स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आजच्या तारखेस:

स्केट्सना धार लावायचं यंत्र. पाया जुन्या शिलाई मशीनचा, मोटर वॉशिंग मशीनची, दगड सहा इंची. ब्लेड धरणारा गाडा ॲल्युमिनियमचा, कानशीने घासून बसवलेला. फट केसाएवढीही नाही.

दगडाला आकार द्यायचं हिऱ्याच्या टोकाचं हत्यार.

कामाचं टेबल, मेपलचं, सात फूट दोन इंच.

बूट रुंद करायचे लाकडी साचे, पाच जोड्या.

जिन्याचा कठडा. बाथरूमच्या लाद्या, २०१६ साली. बाथरूमचं दार, चौकटीसकट.

लिव्हियाच्या खोलीतला पलंग, टेबल आणि भिंतीतलं कपाट.

नाताळच्या गोठ्याभोवतीची घरं, अकरा.

जुलैत तळघरात पाणी शिरलं म्हणून इन्शुरन्सच्या बाईंनी यादी मागितली होती. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने: दुकानाचं नाव आणि पावती. माझ्या वस्तूंना दोन्ही नाहीत. तसं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "देन आय कान्ट एंटर इट, सर." म्हणून ही वही आणली. इथे एंटर केलं.

११ सप्टेंबर, बुधवार

लिव्हियाबद्दल लिहायचं राहिलं.

लिव्हिया आम्श्टुत्स, वय एकवीस, गाव थून, स्वित्झर्लंड. जूनपासून आमच्याकडे खालच्या खोलीत राहते. बोलते इंग्रजीत, मी इथे मराठीत लिहितो. आइस डान्स करते, म्हणजे बर्फावर जोडीने नाच. मोठ्या उड्या नाहीत, मुलीला हवेत फेकणं नाही, सगळा खेळ पायाखालच्या धारेवर. सहाव्या वर्षी सुरुवात केली. पहिला जोडीदार सहा फूट चार इंचांपर्यंत वाढला म्हणून सुटला, दुसरा बापाच्या सुतारकामात गेला, मधे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिसरा जोडीदार अनिश लिमये, इथे कॅनडात नॉर्थ यॉर्कमध्ये जन्मलेला, पुण्याच्या माणसांचा मुलगा. जोडीतलं एक माणूस स्विस असलं की जोडी स्वित्झर्लंडच्या नावावर उतरू शकते. लिमयांच्या घरी या गोष्टीचा अभिमान आहे आणि थोडी लाजही आहे.

यंदा शेवटची संधी. जानेवारीत युरोपियन अजिंक्यपद आहे. तिथे जायचं तर आधी एखाद्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन्ही नाचांना तांत्रिक गुणांची ठरलेली रेषा ओलांडावी लागते. पहिल्या नाचाची त्यांनी ओलांडली आहे, दुसऱ्याची नाही. यंदा जमलं नाही तर तिच्या संघटनेचे पैसे बंद. बर्नच्या नर्सिंग कॉलेजातली जागा एकदा पुढे ढकलून झाली, परत ढकलता येत नाही. म्हणजे फेब्रुवारीत स्केट्स खुंटीला. हे तिने माझ्या बायकोला, लिनेटला सांगितलं आणि लिनेटने मला.

मी एटोबिकोच्या रिंकवर बर्फ सपाट करायची गाडी चालवतो, सकाळची पाळी, एकवीस वर्षं. धार लावायला तिथेच शिकलो. कचऱ्यात टाकलेले हॉकीचे स्केट्स घरी आणायचे, बिघडवायचे, पुन्हा नीट करायचे. शिक्षण दहावी, वसई. आता लिव्हियाच्या ब्लेडला धार मीच लावतो, दर वीस तासांच्या सरावानंतर. तासांची नोंद यंत्राजवळ खडूने.

पुढे कधी आमच्या मुलाने, ॲलरॉयने ही वही वाचली तर कळावं म्हणून लिहितो. ब्लेडच्या तळाला लांबीभर बारीक पन्हळ असते. पन्हळीचे दोन काठ म्हणजे दोन धारा. पायाच्या आतल्या बाजूची ती आतली, दुसरी बाहेरची. दोन्ही एका पातळीत हव्यात. एक जरी कागदाएवढी वर राहिली तर नाचणारा एका अंगाला जातो, आणि त्याला वाटत राहतं की आपलंच काही चुकतंय.

पातळी बघायला दुकानांत मोजमापाचं यंत्र असतं. मी ब्लेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवतो आणि डावा डोळा मिटून उजव्याने बघतो. सोळाव्या वर्षी वसईच्या कारखान्यात दिनू मिस्त्रीने माझ्या पापणीवर बोट ठेवून डावा डोळा मिटवला होता. तेवढं एक सोडलं तर मला कुणी काही शिकवलेलं नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

घर खचतंय. बाथरूमच्या लाद्यांची तिसरी ओळ मधेच पोट सुटल्यासारखी वाकली आहे. मी स्वतः दोरी धरून बसवलेली ओळ. दाराची चौकटही तशीच. पाणसळ लावून पाहिली तर बुडबुडा बरोबर मधोमध. म्हणजे पाणसळ बिघडली. नवीन आणली. तीही तेच सांगते. हल्ली हत्यारांत राम राहिलेला नाही.

यंत्रावरची ट्यूबही बदलली. नव्या दिव्यांच्या उजेडात मधोमध एक राखाडी डाग पडतो, काचेवर वाफ धरल्यासारखा.

लिनेट म्हणाली, "लादी सरळ आहे, कॉन्रॅड."

"तुला दिसत नाही."

"दिसतं तेच सांगते. तू डोळे दाखवून ये."

"डोळ्यांना काय झालंय? चष्म्याशिवाय पेपर वाचतो."

"दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचतोस," ती म्हणाली आणि डबा भरायला गेली. ती म्हाताऱ्यांच्या होममध्ये काम करते, तिला सगळीकडे पेशंट दिसतात.

व्हँकुव्हरहून ॲलरॉयचा फोन होता. घराचं सांगितलं. "डॅडी, कॉल अ स्ट्रक्चरल इंजिनियर." इंजिनियरला सांगायला आधी मलाच सगळं मोजावं लागणार, मग इंजिनियर कशाला?

६ ऑक्टोबर, रविवार

क्युबेकची स्पर्धा. चर्चमधल्या मिस्साहून येऊन फोनवर पाहिली, लिनेट शेजारी.

पहिला नाच चांगला झाला. दुसऱ्यात ट्विझलला गेलं. ट्विझल म्हणजे एका पायावर भराभर फिरत पुढे सरकायचं, दोघांनी एकसारखं, मधे एक हाताचं अंतर. उजव्या पायावर तिसऱ्या फेरीला लिव्हिया बाहेर वाहत गेली आणि तिने दुसरा पाय टेकला. रेषेपेक्षा दोन पूर्णांक चार दशांश कमी.

अनिशचा डावा खांदा उशिरा वळतो, त्याने ती बाहेर ओढली जाते. मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. लिनेटने शेवटी फोन काढून घेतला.

आता एकच स्पर्धा उरली, नोव्हेंबरच्या शेवटी बुडापेस्टला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

थँक्सगिव्हिंग. लिमये बापलेक जेवायला आले होते, हेमचंद्र आणि अनिश. अनिशची आई नीलिमाबाई पुण्याला गेल्या आहेत. लिमये मांस-मासे खात नाहीत म्हणून लिनेटने त्यांचे फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल वडे, वेगळ्या तेलात तळले. सात खाल्ले. हेमचंद्रांनी बरोबर लॅपटॉप आणला होता.

"कॉन्रॅडराव, हे बघा. एकेक फ्रेम थांबवून बघितलंय. उजवा पाय, बाहेरची धार. सात ट्विझलपैकी सहा वेळा इथेच घसरते."

"अनिशचा डावा खांदा उशिरा वळतो."

"ही इज राइट, बाबा. समटाइम्स," अनिश म्हणाला. पोरगा प्रामाणिक आहे.

"खांद्याचं त्याच्या कोचने बघावं. मी एवढंच म्हणतोय, ब्लेड एकदा मोजून घ्यायचं का? आमच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचं वर्कशॉप आहे. लेझरने मोजतात."

"लेझर कुणी बसवला? माणसानेच ना?"

लिमये हसले. "बरोबर आहे हो तुमचं. पण माणूस म्हटलं की थोडी चूक आलीच. आम्ही ती आधीच धरून चालतो."

"मी नाही धरत," मी म्हणालो. "म्हणून ती होत नाही."

लिव्हियाने अनिशला विचारलं, काय चाललंय. "दे आर फायटिंग अबाउट यू," तो म्हणाला. "पोलाइटली." तिने ताटातून मान वर न करता सांगितलं की ब्लेड उत्तम आहेत, कॉन्रॅड अंकलच्या हाताची धार तिला थूनमध्येही मिळाली नव्हती. लिमयांनी लॅपटॉप मिटला.

मी जिंकलो, पण जेवण अंगी लागलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

बाथरूमच्या तिसऱ्या ओळीतल्या चौदा लाद्या काढून परत बसवल्या. साडेसहा तास. पाठ मोडली. आता ओळ सरळ आहे. लिनेटला बोलावून दाखवली. तिने बघितलं. हात धुऊन गेली.

२७ ऑक्टोबर, रविवार

परवा लिव्हियाच्या ब्लेडला जास्तच जपून धार लावली. पट्टी जराशी तिरकी दिसत होती, चार वेळा गाडा सैल करून सरळ दिसेपर्यंत घासलं. एरवी अकरा मिनिटं लागतात, या वेळी पन्नास.

काल सरावात ती पाच वेळा पडली. मी गाडीवर बसून बघत होतो. पाचव्या वेळी ती उठली नाही, बर्फावर बसूनच तिने उजवा बूट हातात धरला आणि ब्लेडवरून अंगठा फिरवला, आतून, मग बाहेरून. मग माझ्याकडे पाहिलं. मी हात केला. तिनेही केला.

मांडीवर काळंनिळं झालंय, लिनेटने बर्फ लावला. दोघी स्वयंपाकघरात हळू बोलत होत्या, मी गेल्यावर नाताळच्या केकवर बोलायला लागल्या. पोरीला टेन्शन आहे. एवढ्या टेन्शनमध्ये कुठलीही धार घसरणारच.

१० नोव्हेंबर, रविवार

वीस तास कधीच उलटले. खडूची नोंद सत्तावीस सांगते. मी विचारलं, धार?

"अजून छान आहे, अंकल. नको आताच."

आणि खरंच छान आहे. या आठवड्यात ट्विझलला एकदाही पाय टेकला नाही. बाहेर वाहत जाणं बंद. लिनेटला म्हटलं, बघ, काही धारा मुरायला वेळ घेतात, लोणच्यासारख्या. लिनेट म्हणाली, "तू दमलास, कॉन्रॅड. थोडे दिवस यंत्र झाकून ठेव." मी दमलोय हे खरं आहे. उजव्या कपाळात दुपारपासून ठणकतं. पण झाकून ठेवण्याएवढा नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

लिव्हियाचे स्केट्स बॉयलरजवळ वाळत होते. सवयीने ब्लेडवरून अंगठा फिरवला.

माझं काम नाही.

दगडाच्या खुणा माझ्या दगडापेक्षा बारीक आहेत. टाचेकडे मी दगड हळूच उचलतो, इथे सरळ नेलाय. शेवटचा हात तेलाच्या दगडाचा आहे, मी तेल वापरत नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात. म्हणजे एवढे दिवस जे मुरत होतं ते हे.

हे लिमयांचं काम. लेझरवाला. पोरीला बाजूला घेऊन गळ घातली असणार. तिने यावं आणि सांगावं ना. सहा महिने माझ्या टेबलावर जेवते.



१८ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी लिव्हियाला गाडीतून नेलं नाही. म्हटलं, मला लवकर जायचंय. खोटं. ती बसने आली, उणे सात होतं, विंटर टायर कालच लावलेली माझी गाडी पार्किंगमध्ये उभी होती ती तिला दिसली असणार. "गुड मॉर्निंग, अंकल," म्हणाली. रोजच्यासारखंच.

बर्फ सपाट करताना एक फेरी तिरकी गेली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

उद्या संध्याकाळी तिचं विमान. आज दुपारी दोन ते पाच ती कोचकडे, जमिनीवरचा सराव, स्केट्स घरी. मी बॅग टेबलावर घेतली. ब्लेडवर पट्टी ठेवली, डावा डोळा मिटला. वाकडी. लेझरवाल्याने चक्क वाकडी धार लावली होती. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

ठरवलं, जाण्याआधी दुरुस्त करून ठेवायची. सांगायचंही नाही. बुडापेस्टला तिच्या पायालाच कळेल.

उजवा स्केट गाड्यावर चढवला. दोन हात मारले. गॉगलवर वाफ धरत होती म्हणून तो कपाळावर सारला. तिसऱ्या हाताला दगडाचा कण उजव्या डोळ्यात गेला. पाण्याने धुतला, पण उघडेना. अर्धं काम झालेलं, घड्याळात अडीच. म्हणून रुमाल उजव्या डोळ्यावर धरला आणि डाव्याने पाहिलं.

मी घासलेलं उजवं ब्लेड: बाहेरची धार वर. पट्टी छपरासारखी कललेली. डावं ब्लेड, ज्याला हात लावला नव्हता: सरळ. काटकोनात. एवढी सरळ धार मी तरी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

पाणसळ भिंतीला लावली. बुडबुडा मधोमध, आणि भिंतही सरळ. दाराची चौकट सरळ. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. सगळ्या ओळी सरळ आहेत, एक सोडून. मी ऑक्टोबरात सरळ केलेल्या चौदा लाद्या.

कमोडवर झाकण टाकून बसलो. किती वेळ ते माहीत नाही. घड्याळ पाहिलं नाही.

मग ध्यानात आलं की लिव्हियाचं एक ब्लेड मी आत्ताच बिघडवून ठेवलंय. तिच्या बॅगेच्या खिशात एक कार्ड सापडलं, मिसिसागातल्या धारेच्या दुकानाचं, दहाव्या वेळी फुकट. तीन भोकं पाडलेली.

एका डोळ्याने गाडी चालवत गेलो. चालवायला नको होती.

काउंटरवर एक पंजाबी मुलगी, छातीवर नाव गुंजन. तिशीच्या आतली. स्केट हातात घेतला, मोजमापाचं यंत्र चढवलं आणि भुवया वर केल्या.

"अंकल, ये किसने किया? बाहर वाली कितनी ऊँची है, देखो." मग बुटाच्या आतलं नाव वाचलं. "ये तो लिव्हिया के हैं. आप उसके अंकल हो? जहाँ वो रहती है?"

मी मान हलवली.

"वो अकेली आई थी, अक्टूबर के एंड में. बस से, दो बसें बदल के. साथ में अपनी पुरानी जोड़ी लाई थी, सैंपल. बोली, बिल्कुल ऐसी धार चाहिए, मेरे अंकल ने जून में लगाई थी. मैंने नापी. दोनों तरफ़ बराबर, सुई हिली तक नहीं. मैंने पूछा, तो फिर अंकल से ही करवाओ ना. बोली, वो आजकल बहुत थके हुए हैं." तिने माझं ब्लेड उजेडात धरलं. "ये उनका काम नहीं है. ये किसी और का हाथ है."

"हाँ," मी म्हणालो. "किसी और का."

तिने नऊ मिनिटांत केलं. मी बाजूला उभा राहून पाहिलं. ती टाचेकडे दगड उचलत नव्हती, तेवढं सांगितलं. तिने उचलून पाहिला आणि म्हणाली, "ओह, नाइस." कार्डाला भोक पाडायला लागली तेव्हा मी म्हटलं, रहने दो.

पावणेपाचला स्केट्स बॅगेत, कार्ड खिशात, जसं होतं तसं.

लिमयांबद्दल शनिवारी लिहिलं ते चूक.

२० नोव्हेंबर, बुधवार

लिनेट आणि मी लिव्हियाला पिअर्सन विमानतळावर सोडून आलो. गाडी लिनेटने चालवली, मी म्हटलं डोळ्यात कण गेलाय. अनिश आणि लिमये तिथेच भेटले.

आत जाण्याआधी लिव्हियाने मला मिठी मारली आणि म्हणाली, "अंकल, सोमवारी तुम्ही रागावला होतात का?"

"नाही. दमलो होतो."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला वर बघवलं नाही.

घरी येताना लिनेटला सगळं सांगितलं. गाडी हायवेवर होती, ती समोर बघत राहिली. "मी तुला सप्टेंबरपासून सांगतेय," एवढंच बोलली. मग एक्झिट घेताना म्हणाली, "पोरीने मला शपथ घातली होती. बुडापेस्ट होईपर्यंत नाही सांगायचं. तुला कळलं तर तू मशीन फोडशील म्हणाली."

फोडलं नसतं. पण तिला तसं वाटलं, हे आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

काल दुसरा नाच झाला. उजवा डोळा मिटून पाहिला. ट्विझलला दोघं एका सुतात गेले, बाहेर एक इंचही नाही. अनिशचा खांदा अजून उशिरा वळतो.

रेषेच्या वर एकतीस शतांश. एवढंच. जाईल ती युरोपियनला.

लिनेट खुर्चीत बसून रडली आणि मग भांडी घासायला गेली. मी तिकडेच उभा राहिलो. क्युबेकचे दोन पूर्णांक चार दशांश कुणाचे होते, याचा हिशेब आता कुणी करणार नाही. मी केला आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

डोळ्याची डॉक्टर. चौकटी आखलेला कागद समोर धरला, मधोमध ठिपका. उजव्या डोळ्याने चौकटी भोवऱ्यासारख्या फिरल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साठलंय. माझ्या वयाच्या पुरुषांना होतं, काळजी आणि अपुरी झोप याने वाढतं. तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरेल, किंवा ओसरणार नाही. ओसरलं तरी रेषा पहिल्यासारख्या दिसतील याची खात्री नाही.

मी विचारलं, डाव्याने काम शिकता येईल का? ती म्हणाली, व्हाय नॉट. तिला काय जातंय. चाळीस वर्षं मिटलेला डोळा आहे तो. त्याला दिसतं, पण काय बघायचं ते ठाऊक नाही.

यंत्रावर चादर टाकली. रिंकवर सुट्टी घेतली, जानेवारीच्या मध्यापर्यंत.

१५ डिसेंबर, रविवार

दुपारी लिमये आले. एकटेच, हातात पेढ्यांचा बॉक्स. लिव्हिया वर टेबलाशी बसून लिनेटबरोबर करंज्या भरत होती.

लिमये बसले नाहीत. "कॉन्रॅडराव, मी माफी मागायला आलोय. त्या दिवशी जेवताना लेझरचा विषय काढला मी. बुडापेस्टहून आल्यावर लिव्हियाने सगळं सांगितलं. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः बसून धार लावलीत म्हणे, म्हणून ट्विझल उभे राहिले."

मी लिव्हियाकडे पाहिलं. ती करंजीची कड दुमडत होती. मराठी तिला येत नाही, पण स्वतःचं नाव आणि ट्विझल एवढं कळलं असणार. कान लाल झाले.

"लिमयेसाहेब..." मी म्हणालो.

"आधी ऐका. तिच्या संघटनेचे लोक आणि आम्ही पालक, सगळ्यांचं बोलणं झालंय. युरोपियनला ब्लेड बघायला आपला माणूस हवा. तुम्ही यायचं. गळ्यात ओळखपत्र, त्यावर तुमचं नाव आणि खाली टेक्निशियन, स्वित्झर्लंड. रिंकच्या फळीपाशी, कोचच्या शेजारी. चाळीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवून मला ती जागा मिळणार नाही, तुम्हाला मिळतेय. लिव्हियाचीच कल्पना."

ती धार माझी नव्हती असं सांगावं तर पोरगी चारचौघांत खोटी पडते. गप्प राहून जावं तर दुसऱ्याच्या कामावर माझं नाव लागतं. लिनेटने पीठ मळायचं थांबवलं होतं.

"जमणार नाही," मी म्हणालो.

"रिंकची रजा? मी पत्र देतो."

"रजा आहे."

"मग मानधन कमी वाटतंय का? मी अजून आकडा बोललोच नाही." त्यांनी आकडा सांगितला. मी मान हलवली. त्यांनी वाढवला. मी परत मान हलवली. भल्या माणसाचा चेहरा उतरला. "तुमचा स्वाभिमान दुखावला असेल तर मी समजू शकतो," ते म्हणाले, पेढे टेबलावर ठेवले आणि बूट घालायला वाकले. त्यांना तसंच वाटू दिलं.

दार लागल्यावर लिव्हिया उठली. "अंकल, का? तुम्हाला ते हवं होतं. मला माहीत आहे तुम्हाला हवं होतं."

"हवं होतं," मी म्हणालो. "गुंजनला घेऊन जा. टाचेकडे दगड उचलायला आता तिला येतं."

तिच्या हाताला सारण लागलं होतं ते पुसायचंही विसरली. मग म्हणाली, "जूनची जोडी मी तिच्याकडेच ठेवली आहे. नमुन्याला."

"असू दे तिथेच."

लिनेटने तिला खाली बसवलं आणि पुढची करंजी तिच्या हातात दिली.

नाकारलं ते नोंदवून ठेवतो. जानेवारीतले दहा दिवस, युरोपियन अजिंक्यपद, जाण्यायेण्याचं विमान, हॉटेल, माझ्या नावाचं ओळखपत्र. मानधन आधी तीन हजार, नंतर चार हजार पाचशे डॉलर, कॅनेडियन.